आजोबांच्या वेब्लीचा काळा रंग उडालाय, पार्ट बदलू का तसंच ठेवू?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. घरात .३२ ची वेब्ली अँड स्कॉट मार्क फोर रिव्हॉल्व्हर आहे, आजोबांनी घेतलेली, मग वडिलांकडे आली आणि वडिलांची सत्तरी झाल्यावर रीतसर वारसाने आता माझ्या लायसन्सवर चढलीय. चालायला ठणठणीत आहे असं वडील म्हणतात. माझा प्रश्न दिसण्याचा आहे. नळीच्या तोंडापाशी दोन्ही कडांचा काळा रंग पूर्ण जाऊन पांढरं लोखंड दिसतंय, सिलिंडरच्या उंचवट्यांवर पण तेच, शिवाय सिलिंडरभोवती एक चकचकीत रेघ गोल फिरलीय. मुठीच्या मागच्या पट्टीवर तपकिरी डाग आहेत ते बोटाला खरखरीत लागतात. आणि ग्रिपच्या काळ्या पट्ट्या आता चॉकलेटी दिसायला लागल्यात.

तालुक्याच्या एका दुकानदाराला दाखवली तर तो म्हणाला बफ मारून नवीन ब्लूइंग करून देतो, सिलिंडर आणि घोडा कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या रिव्हॉल्व्हरचा बसवतो, एकदम नवी कोरी दिसेल. चुलतभाऊ म्हणतो कशाला पैसे घालवतोस, ऑनलाईन बाटली मिळते ती घरीच बोळ्याने लावायची. वडील म्हणतात कशालाच हात लावू नकोस. तिघांपैकी कुणाचं ऐकू? फोटो टाकलेत, नंबर झाकलाय.

जुना चाप:

वडिलांचं ऐका, पण अर्धंच :)

फोटो मोठे करून पाहिले. नळीच्या तोंडाशी जे पांढरं झालंय ते होल्स्टरमुळे. चामड्यातून काढताना-घालताना दर वेळी त्याच दोन कडा घासतात, आणि मुळात ब्लूइंग म्हणजे काही रंगाचा थर नव्हे, लोखंडाचाच वरचा पापुद्रा काळ्या ऑक्साईडमध्ये बदललेला असतो, तो इतका पातळ की नखाच्या जाडीशी पण तुलना करायला नको, त्यामुळे कडांवर तो जाणारच. सिलिंडरवरची गोल रेघ तर प्रत्येक चाललेल्या रिव्हॉल्व्हरला असते, खालून जो खटका सिलिंडर अडवतो तो फिरताना घासतो, बास. त्या रेघेसाठी सिलिंडर बदला म्हणणारा माणूस एकतर नवशिका आहे किंवा त्याच्याकडे सिलिंडर पडून आहे.

खरं बघण्यासारखं एकच, ते मागच्या पट्टीवरचे खरखरीत डाग. तो गंज आहे. रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे आधी डोळ्यांनी आणि मग बोटाने तपासा, नंतर पांढऱ्या सुती फडक्याला थोडं तेल लावून त्या डागावर घासा. फडक्यावर नारिंगी उतरलं तर गंज जिवंत आहे, नुसतं काळं उतरलं तर सोडून द्या. जिवंत असेल तर तेल लावून रात्रभर मुरू द्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात बारीक स्टील वुल, ज्याच्यावर चार शून्य लिहिलेली असतात ती, तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. कोरडी फिरवू नका. पॉलिश पेपर नको, पितळ घासायचं पॉलिश तर अजिबात नको, ते गंजाबरोबर उरलेलं ब्लूइंग पण काढतं.

आता बफ. वेब्लीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळीची चाचणी घेऊन शिक्का मारणाऱ्या संस्थेचे, ठसे आहेत, कंपनीचं नाव आहे, नंबर आहे. बफचं चाक पहिल्यांदा कडा गोल करतं, मग स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पाडतं आणि अक्षरं उथळ करतं. वरून काळा रंग कितीही झकास चढवला तरी बघणाऱ्याला पाच सेकंदात कळतं. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून जुन्या विलायती पिसला आपल्याकडे जो मान आहे तो मूळ फिनिशला आहे, झिजलेलं का असेना.

कानपूरचं रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच डिझाईनवरून आलंय हे खरं. म्हणून त्याचा सिलिंडर इथे बसेल असं होत नाही. घर नळीच्या बरोब्बर समोर येऊन थांबलं पाहिजे, सिलिंडर आणि नळीमधली फट ठरावीक पाहिजे, मागे काडतुसाच्या बुडाला जागा ठरावीक पाहिजे, आणि हे सगळं त्या एका पिसला हाताने घासून जुळवलेलं असतं. चांगला जुळलेला सिलिंडर काढून रंगासाठी दुसरा घालणं म्हणजे धडधाकट दात पिवळा आहे म्हणून उपटणं. रंग आणि चाल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. चालीची शंका असेल, म्हणजे नळी आणि फ्रेमच्या बिजागरीत खेळ वाटतोय, नळी बंद ठेवणारं वरचं कुलूप सैल बसतंय, घोडा हळू ओढल्यावर सिलिंडर शेवटपर्यंत येऊन अडकत नाही, तर लायसन्सवाल्या कारागिराला दाखवा आणि तेव्हा पार्टचा विचार करा.

टेक्सासचा तात्या:

मी जरा वेगळं बोलतो. माझ्याकडे पोलिसांनी वापरून काढलेलं सिग पी२२६ पिस्तूल आहे, स्वस्तात घेतलं, वरची स्लाईड, म्हणजे मागेपुढे सरकणारा भाग, स्टीलची आणि फ्रेम ॲल्युमिनियमची. फ्रेमवरचं ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साईडचा थर, कडांना उडून चांदीसारखं दिसतं. सुरुवातीला मलाही वाटलं स्लाईड नवीन घ्यावी, पण नव्या स्लाईडच्या किमतीत थोडी भर घातली की दुसरं वापरलेलं पिस्तूल येतंय हे बघितल्यावर गप्प बसलो. नुसत्या ग्रिप बदलल्या, हातात एकदम नवीन वाटायला लागलं. ज्यांना फारच खटकतं ते इथे सेराकोट मारून घेतात, सिरॅमिक मिसळलेलं कोटिंग असतं, स्प्रे करून भट्टीत भाजतात, कुठल्याही रंगात. ग्लॉक पिस्तूलवाले तर बिनधास्त असतात, त्यांच्या स्लाईडचा वरचा काळा रंग गेला तरी खालच्या स्टीलवर नायट्रायडिंगची, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करायची, प्रक्रिया असते, ते लवकर गंजत नाही.

तेव्हा कृष्णाकाठभाऊ, मूळ फिनिश मूळ फिनिश करून किती दिवस तपकिरी डाग बघत बसणार, आवडत नसेल तर पार्ट मागवा आणि बदला, वस्तू तुमची आहे. इथे तर स्लाईड, नळी, ग्रिप सगळं पोस्टाने घरी येतं.

जुना चाप:

तात्या, सेराकोट वेब्लीवर? ह.घ्या. (हलकेच घ्या) म्हणालात असं समजतो.

दंडाधिकारी शाखा:

तात्या, तुमच्याकडे नंबर असलेली फ्रेमच तेवढी कायद्याने हत्यार, बाकीचे पार्ट म्हणजे सुटं सामान, त्यामुळे तुमचं तिकडे बरोबर आहे. हा सल्ला सांगली-साताऱ्यात कुणी पाळला तर आत जाईल हो. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात. सुटा सिलिंडर घरात सापडला आणि कागद नाही, तर ‘रंगासाठी घेतला होता’ हे सांगून भागत नाही.

दुसरं म्हणजे रिपेअर. दुरुस्ती करायला सुद्धा कलम ५ खाली परवाना लागतो, विक्रीचा लागतो तसाच. त्यामुळे ओळखीचा लेथवाला, बुलेटच्या टाक्या बफ करणारा, क्रोम प्लेटिंगवाला, यांच्याकडे रिव्हॉल्व्हर ठेवून यायचं नाही, तासाभरासाठी पण नाही. त्या दुकानदाराच्या परवान्यात दुरुस्ती आहे का नुसती खरेदी-विक्री, हे त्याच्याच भिंतीवर लावलेल्या कागदावर बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ते नंबरचं. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचं नाव, नंबर, ओळखखूण पुसणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे, आणि तसं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते केलं असं कायदा आधी धरून चालतो, नाही केलं हे तुम्ही सिद्ध करायचं. बफवाल्याचा हात जरा जास्त चालला आणि नंबरचे दोन आकडे वाचता येईनात, मग नूतनीकरणाच्या तपासणीला तुम्ही उभे असता, बफवाला नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं झालीय, म्हणजे प्रकार लक्षात येईपर्यंत दुकानदाराला तुम्ही आठवणार पण नाही. मी वकील नाही, पण या टेबलाच्या आसपास बरीच वर्षं काढलीत.

बालेवाडीची नेमबाज:

मी पॉइंट टूटू स्पोर्ट पिस्तूल मारते, त्यामुळे रिव्हॉल्व्हरमधलं मला फार कळत नाही, पण गंजाचं कळतं. आमच्याकडे काही जणांचा घामच असा असतो की त्यांनी हात लावलेल्या स्टीलवर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे उमटतात, खरंच सांगते. घामात मीठ असतं. वापरून झालं की पुसायचं आणि तेलाचा पुसट हात फिरवायचा, ही सवय लागली की निम्मे प्रश्न येतच नाहीत. तुमचे डाग बरोबर तळहात टेकतो तिथेच आहेत म्हणून बोलले.

अजून एक विचारू का, खंडेनवमीला पूजा करता का? आमच्या घरी आजोबांच्या बारा बोअरला पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू लावायचे, वर ओली झेंडूची फुलं, आणि ते सगळं दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत तसंच. नळीवर बोटाएवढे गोल डाग पडलेत अगदी ओळीत. आता आई शेजारी पाटावर लावते, आणि बंदुकीवर नुसती अक्षता.

कृष्णाकाठ:

बापरे, एवढं सगळं. धन्स सगळ्यांना. ताई, पूजा होतेच, आणि दुसरा डाग फ्रेमच्या डाव्या बाजूला अगदी गोल आहे तो कशाचा ते आता कळलं :)

फडक्याची टेस्ट केली, मुठीवरच्या डागाचं नारिंगी उतरलं, बाकी कुठे नाही. कुलूप घट्ट आहे, बिजागरीत खेळ जाणवत नाही. दुकानदाराच्या परवान्यात दुरुस्तीचा उल्लेख मला तरी दिसला नाही, त्यामुळे तो विषय संपला. सिलिंडर आणि घोडा आहे तोच राहणार. राहता राहिली भावाची बाटली. त्या पांढऱ्या कडांवर तेवढं टचअप केलं तर काय बिघडतं? आणि निवडणूक लागली की जमा करावं लागतं, २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्हीला करावं लागलं होतं, तिथून परत आलं की हमखास नवीन डाग. त्याला काय करायचं?

जुना चाप:

बाटलीतलं ते कोल्ड ब्लू. त्यात बहुतेक सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात, लावलं की लोखंडावर काळपट थर बसतो, मूळ ब्लूइंगसारखं ते टिकत नाही. होल्स्टरने घासून महिन्या-दोन महिन्यांत परत पांढरं. बिघडत काही नाही म्हणा, पण छटा कधीच जुळत नाही, मूळचं निळसर काळं आणि हे करड्यासारखं, आणि नीट पुसलं नाही तर त्याच जागी गंज धरतो. शिवाय विषारी असतं, हातमोजे घाला. माझं विचाराल तर कडा पांढऱ्याच राहू द्या, तेल असेल तर उघडं लोखंड काही मरत नाही. खरं गरम ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या द्रावणात साधारण १४० अंशाला उकळवणं, तो घरचा उद्योग नव्हे. अवांतर: ताईंच्या घरची बारा बोअर दुनळी असेल तर तिला कुणी गरम ब्लूइंग सुचवलं तर पळून जा, दोन नळ्यांमधलं डाखण ते पाणी खातं.

जमा करायचं म्हणाल तर होल्स्टरमध्ये घालून कधीच देऊ नका. चामडं कमावताना वापरलेली रसायनं त्यात राहतात, वर ओल धरून ठेवतं, आणि मुद्देमालाच्या खोलीत हवा कशी असते ते सांगायला नको. आतून-बाहेरून जरा जाडसर तेल लावा, नळीत पण, सुती फडक्यात गुंडाळा, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या टाका. स्प्रेचं पातळ तेल पाणी हटवायला चांगलं, पण महिनोन्‌महिने टिकत नाही, लांबच्या मुक्कामाला पेट्रोलियम जेलीचा पुसट हात बरा. घरी पण होल्स्टर वेगळं आणि रिव्हॉल्व्हर वेगळं ठेवायचं.

दंडाधिकारी शाखा:

जमा करताना पावतीवर नंबरबरोबर स्थिती पण लिहून घ्या, ‘चालू, गंज नाही’ एवढं पुरे, आणि त्याच दिवशीचे फोटो ठेवा. आचारसंहितेत काही ठिकाणी परवानाधारक डीलरकडे जमा करायची मुभा देतात. नोटीस आली की वाचा त्यात काय लिहिलंय, सगळे न वाचताच पोलीस ठाण्यात रांग लावतात.

टेक्सासचा तात्या:

माघार. पण ग्रिप तरी बदलू द्या हो त्याला, चॉकलेटी पट्ट्या कुणाला आवडतात.

जुना चाप:

व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या, असतील तर उजेडाने आणि हवेने चॉकलेटी होतात, त्या खराब झालेल्या नाहीत. लाकडाच्या हव्याच असतील तर डीलरकडूनच बिलावर करून घ्या आणि जुन्या जोडीला कागदात गुंडाळून ठेवा, फेकू नका, पुढे कुणाला विकायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच विचारतील. गंज काढायला पट्ट्या तशाही उतरवाव्या लागतील, आत अजून निघेल. खाचेत गच्च बसेल असाच पेचकस घ्या, स्क्रू अर्धा सैल करा, पूर्ण काढू नका, आणि त्याच्या डोक्यावर पेचकसाच्या मुठीने हळू टकटक करा, पलीकडची पट्टी सुटते. खालून नख घालून उचकटायला गेलात तर ती जुनी पट्टी हमखास तुटते.