दीड मीटरची लाट

विषय: ल मॉर्नला सर्फिंग – कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही फेब्रुवारीत पुण्याहून मॉरिशसला, एबेनला आलो. अथर्व सतरा वर्षांचा आहे. लागोपाठ दोन सुट्ट्या गोव्यात आश्वेला सर्फिंग शिकला, बोर्डावर नीट उभा राहतो. आता त्याच्या कॉलेजची मुलं जुलैच्या सुट्टीत ल मॉर्नच्या ‘वन आय’ला (सर्फिंगची जागा) चालली आहेत. तो म्हणतो, ॲपवर लाट फक्त दीड मीटर दाखवतेय. मला पोहताही येत नाही, त्यामुळे दीड मीटर म्हणजे भ्यायचं की नाही, तेच कळत नाही. आणि शार्कचं काय? शेजारच्या रेयुनियन बेटाच्या बातम्या वाचून त्याचे बाबा घाबरलेत (कबूल करत नाहीत).

– मेधा

---

मेधाताई,

नको. निदान यंदा नको. का ते लिहितो, अथर्वलाही वाचायला द्या.

मी देवगडचा. उधाण बघत वाढलो आणि इथे पहिल्याच वर्षी त्याच गुर्मीत फसलो.

दीड मीटर हा अर्धाच हिशेब. त्याच्या शेजारी सेकंद दिलेले असतात: एक लाट गेल्यावर दुसरी किती वेळाने येते ते. खरी गोष्ट तिथे आहे. मे ते सप्टेंबर इथे जे स्वेल (लांबून येणाऱ्या लाटा) येतं ते पार खाली, चाळिसाव्या अक्षांशाच्याही दक्षिणेला उठलेल्या वादळांचं. दोन-तीन दिवस समुद्र तुडवत येतं, पंधरा-सोळा सेकंदांचं होऊन. खोल पाण्यात सोळा सेकंदांची लाट ४०० मीटर लांब असते, आठ सेकंदांची १००. उंची सारखीच असली तरी सोळावाली दुप्पट ताकद घेऊन येते. आश्वेला वाळू हळूहळू चढत जाते, त्यामुळे लाट किनाऱ्याला लागेपर्यंत दमते. इथे खोल पाण्यातून प्रवाळाचा कठडा एकदम वर येतो. दमायला जागाच नाही. ॲपवरची दीड मीटर कठड्याशी उभी राहते तेव्हा माणसाच्या डोक्यावरून जाते.

भरती-ओहोटीचं मला हसूच आलं होतं. आपल्याकडे पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं, इथे उधाणालाही जेमतेम अर्धा मीटर. पण खाली कंबरभर पाण्यात खडक असेल तर त्यातला अर्धा मीटर गेल्यावर उरतं काय? वन आयला ओहोटीत नवख्याने जाऊच नये.

आता माझी फजिती. ऑगस्ट, सकाळचे नऊ. (ल मॉर्नच्या डोंगरात एक भोक आहे, लाटेच्या जागेवरून ते डोळ्यासारखं दिसतं, म्हणून वन आय म्हणतात. मी ते भोक शोधत बसलो होतो, हेच चुकलं.) सात-आठ मिनिटं समुद्र तळ्यासारखा होता. मग पाच लाटांचा सेट आला. पहिलीने उचलून आदळलं. डाव्या नितंबापासून खांद्यापर्यंत किसणीवर नारळ धरावा तसा खरवडला गेलो. देवगडला कालवांनी पाय कापून घेतलेत, पण हे वेगळंच. वर आलो तर चौथी समोर. आणि सेट संपल्यावर लक्षात आलं, मी किनाऱ्याकडे नाही, बाहेर चाललोय.

लाटा कठड्यावरून लगूनमध्ये (कठडा आणि किनारा यांच्या मधल्या उथळ पाण्यात) पाणी टाकत राहतात. ते पाणी परत जाणार कुठून? कठड्याला जिथे खिंड आहे तिथून. इथे तिला ‘पास’ म्हणतात. स्वेल मोठं आणि पाणी उतरतं असलं की पास नदीसारखी वाहते. मी तिच्याशी दहा मिनिटं भांडलो. एका काइटसर्फिंगवाल्याने ओरडून हाताने दाखवलं: आडवा जा, जिथे लाट फुटतेय तिकडे. फेसाळ पाणी आत ढकलतं, ते खरंच ढकलतं. शुद्धीवर येऊन बघतो तर बोर्डाखालचे दोन फिन (पाती) गायब.

तेव्हापासून माझा नियम: पोचल्यावर वीस मिनिटं नुसतं बसायचं. किती लाटांचा सेट, मध्ये किती वेळ शांत, लोक आत जातात कुठून आणि बाहेर येतात कुठून. बाहेर यायची वाट कळली नाही तर बोर्ड गाडीतच राहतो. पडताना आडवं पडायचं, सूर कधीच मारायचा नाही, वर येताना हात डोक्याभोवती. तळावर पाय रोवून उभं राहायचं नाही.

शार्क: रेयुनियनला २०११ पासून हल्ले वाढले आणि २०१३ मध्ये तिथे बहुतेक किनाऱ्यावर सर्फिंगबंदी आली, ते खरं. आपल्या बेटावर तशी परिस्थिती नाही. तरी पाऊस पडून नदी गढूळ झाली की तिच्या तोंडाशी जाऊ नये, आणि संध्याकाळी उशिरा पाण्यात राहू नये. पश्चिम किनाऱ्यावर तामारँला सकाळी दिसणारे पंख बहुधा डॉल्फिनचे असतात, बाबांना सांगा.

अथर्वने तामारँला यावं. नदीच्या गोड्या पाण्यामुळे तिथे प्रवाळाचा कठडा तुटलाय, मधोमध वाळू आहे. आग्नेयेचा वारा तिथे बेट ओलांडून येतो, म्हणजे आपला मतलईच, लाट साफसूफ ठेवतो. दक्षिण टोकाला ‘दाल’ नावाची, प्रवाळाच्या कठड्यावर फुटणारी लाट आहे. ती इथल्या पोरांची. तिथे मुकाट्याने रांगेत थांबायचं, वर्षभर.

– विनायक

---

विनायकभाऊंना पुष्टी. मी इथलीच, पणजोबा रत्नागिरीहून आले. चाळीस वर्षं नर्स होते. माझं मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

प्रवाळाची जखम लहान दिसली तरी साबण आणि गोड्या पाण्याने घासून धुवायची, आत कण राहिला तर पिकते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे का बघा. ‘लाफ’ मासा टोचला तर (तो दगडच वाटतो) सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, निदान अर्धा तास, भाजू देऊ नका, आणि लगेच ११४ ला फोन. म्हणून जाड तळाचे बूट. हवामान खात्याने मोठ्या लाटांचा इशारा दिला असेल तर लगूनमध्येसुद्धा नको. गणपतीत असा इशारा असला तर आम्ही त्या दिवशी गुडघाभर पाण्यातच विसर्जन करतो.

---

सगळ्यांचे आभार. अथर्वला वाचून दाखवलं. आधी तोंड पाडलं, मग विचारलं, ‘किसणीवर नारळ’ म्हणजे नेमकं किती खरवडलं, फोटो आहे का? बुटांचा नंबर नऊ. शनिवारी तामारँला किती वाजता येऊ?

– मेधा

---

साडेसहाला. फोटो आहे, पण तुम्ही बघू नका.

– विनायक