जुन्या पोर्शे ९११ चा मागचा पत्रा कापून वाइडबॉडी (चाकांवरची बॉडी रुंद) करावी का?

रुंदकमान
माझ्याकडे १९९१ ची कॅरेरा २ आहे, ९११ च्या ९६४ या पिढीतली. इंजिन-गिअरबॉक्स ठणठणीत, रंग मात्र उतरलाय. गाडी रंगाला जाणारच आहे, तर त्याच वेळी वाइडबॉडी करून घ्यावी असं फार मनात आहे. मूळ टायर पुढे २०५, मागे २२५ मिलीमीटर रुंद. मला मागे २८५ हवेत, म्हणजे मागच्या चाकावरची पत्र्याची कमान कापणं आलंच.

९११ चा इतिहासच रुंद होत जाण्याचा आहे. १९७३ ची रेसची आरएसआर घ्या, १९७५ ची ९३० टर्बो घ्या. १९७६ च्या रेसच्या ९३४ ला तर फायबरच्या कमानी सरळ वरून बोल्टने बसवल्या होत्या. ९६४ मध्येसुद्धा, १९९३ साली ९११ ला तीस वर्षं झाली म्हणून काढलेल्या खास गाडीला टर्बोची रुंद बॉडी होती, इंजिन मात्र टर्बोशिवायचं. कंपनीने केलं ते चालतं, मी केलं तर पाप? विरोध असेल तर कारणं द्या.

मूळपत्रा
कारण देतो. पुढचे फेंडर (चाकांवरचे पत्रे) बोल्टवर असतात. ते काढा, गुंडाळून ठेवा, हवे तेव्हा परत लावा. त्याला माझी ना नाही. मागचा फेंडर हा बॉडीचाच भाग आहे, वेल्ड केलेला. तो एकदा कापला की कापला. शिवाय या गाड्यांचा पत्रा दोन्ही बाजूंनी जस्ताचा मुलामा दिलेला आहे, म्हणून तर तीस वर्षांनीही त्या धडधाकट उभ्या दिसतात. ग्राइंडर फिरला की कापलेल्या कडेवरचं जस्त गेलं, वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचंही जळलं. गंज तिथूनच शिरतो आणि कमानीच्या आत असल्याने उशिरा दिसतो.

तुम्ही उदाहरणं दिलीत ती कारखान्यात तशीच घडलेली शरीरं आहेत. कुणी अरुंद गाडी कापून ९३० बनवली नव्हती.

रुंदकमान
गंजाचा मुद्दा मान्य, पण तो कामाच्या दर्जाचा झाला. चांगला कारागीर कडा साफ करून इपॉक्सी प्रायमर मारेल, सांधे सील करेल, आत मेण फवारेल.

पिटलेन
मला कापण्याचं दुःख नाही, पण २८५ कशासाठी हे आधी ठरवा.

ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, वाढला की वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार कमी होतो, हे खरं. ९६४ चा मागचा ट्रॅक साधारण १,३७५ मिलीमीटर. दोन्ही बाजूंना ६०-६० ने वाढवला तर मागच्या बाजूचं हे सरकणं ढोबळमानाने ८ टक्क्यांनी कमी होईल. फायदा खरा आहे. पण बहुतेक वाइडबॉडीत चाक बाहेर येतं ते स्पेसरने (चाकामागे बसवायच्या जाड चकतीने) किंवा खोल रिमने. सस्पेन्शन जुनंच राहतं. मग चाकाच्या बेअरिंगवर मरोड वाढते. तरफ लांबल्यामुळे तीच स्प्रिंग मऊ पडते. पुढेही चाकं बाहेर काढलीत तर स्टेअरिंग प्रत्येक खड्ड्याला हातात झटके देतं. तेव्हा स्प्रिंग, डँपर आणि अलाइनमेंट नव्याने बसवायची तयारी नसेल तर गाडी दिसायला रुंद आणि चालवायला आधीपेक्षा वाईट होईल.

अजून एक. मागे २८५ आणि पुढे तेच २०५ ठेवलेत, तर वळणात शिरताना नाक बाहेर पळणार. ९११ चं पुढचं टोक मुळातच हलकं आहे. पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, तेही धरा.

मूळपत्रा
पिटलेन यांना अनुमोदन. आणि त्यात भर: १९९२ च्या ९६४ आरएस या हलक्या, स्पोर्टी आवृत्तीला अरुंद बॉडीतच मागे १७ इंची रिमवर २५५ चे टायर होते. पत्रा न कापता. ग्रिप हवी असेल तर रस्ता हा आहे.

पिटलेन
हो, पण १९९३ च्या आरएस ३.८ ने टर्बोचीच बॉडी घेतली, आणि ती रेसच्या गाडीला मान्यता मिळावी म्हणून काढलेली होती. म्हणजे रुंदीचा उपयोग कंपनीलाही पटला होता. मी रुंदीविरुद्ध नाही, अर्धवट कामाविरुद्ध आहे.

डेंटर
हे काम हाताने करतो, म्हणून एक गैरसमज काढून टाकतो. "बोल्टवाली किट आहे, उद्या काढून टाकू" असं ऐकलं की मला भीती वाटते. वरची कमान बोल्टवर असते, खालचा मूळ पत्रा कापलेलाच असतो. नाहीतर चाक वर उठल्यावर टायर त्याला घासेल. कापल्यावर बाहेरचा फेंडर आणि आतली चाकाची खोळ यांच्यात फट उघडी पडते. ती पत्र्याने पूर्ण बंद केली नाही तर पाणी आणि खडी थेट बॉडीत जाते. कित्येक गाड्यांत तिथे नुसता सीलंट चोपडलेला सापडतो. त्यावर पुट्टी, त्यावर चकाचक रंग, आणि मालकाला पत्ताच नाही.

मला विचाराल तर फायबर नकोच. टर्बोच्या मापाचे स्टीलचे मागचे फेंडर वेल्ड करा. काम मोठं आहे, पण गाडी पुन्हा एकसंध होते.

कोपरावळण
इथे सगळे टायरवरच बोलताय. दिसण्याचं काय? वाइडबॉडी पोर्शेसाठी ओळखले जाणारे जपानचे अकिरा नाकाई स्वतः मालकाच्या गॅरेजात जाऊन हाताने कमानी कापतात, बसवतात. त्यांच्या गाड्या लोकांना आवडतात त्या लॅपटाइमसाठी नाही. मागून पाहिल्यावर ती गाडी जमिनीला जशी चिकटून बसलेली दिसते, तेवढंच मला पुरेसं कारण आहे. मालकाला त्या आकाराचं प्रेम असेल तर त्याने कुणाची परवानगी का मागावी?

मूळपत्रा
परवानगी नकोच. त्यांनी मत विचारलं, मी दिलं. आकार मलाही आवडतो, आणि म्हणूनच म्हणतो की ज्या गाडीचा पत्रा अपघातात आधीच दबलाय, आधीच कापला गेलाय, तिच्यावर करा. अशा गाड्या मिळतात. अभंग, मूळ वेल्डवरची ९६४ दरवर्षी कमीच होणार आहे.

रुंदकमान
या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या गाडीचे मागचे वेल्ड मूळ आहेत का हे रंग खरवडल्यावर कळेलच. मूळ निघाले तर आरएसच्या मापाचे २५५ आणि नवं सस्पेन्शन. आधी कुणी हात लावलेला निघाला तर डेंटर म्हणतात तसे स्टीलचे फेंडर, पुढेही त्याच प्रमाणात रुंद टायर. फायबर रद्द.

कोपरावळण
असहमत. तीन महिन्यांनी अरुंद गाडीकडे बघून हळहळाल. पण रंग खरवडल्याचे फोटो नक्की टाका.

डेंटर
खरवडताना मागच्या काचेखालचा आणि दाराच्या खांबाजवळचा सांधा बघा. कारखान्याचे स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात. तिथे लांबट शिवण किंवा पुट्टीचा जाड थर दिसला तर कुणीतरी आधी तिथे काम केलंय.