छोट्या पॅडल स्टीमरसाठी होडी कोणती घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वाफेवर चालणारी, दोन्ही बाजूंना चाकं असलेली छोटी बोट बांधतोय. इंजिन तयार आहे, बॉयलर जवळजवळ झालाय, आता गाडं होडीपाशी अडलंय. बोटीतल्या, लेथवरच्या किंवा नुसत्या वाफेच्या जाणकारांनी कृपया मत द्या.

बोट चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खाडीत, गोवळकोटच्या खालच्या अंगाला चालवायची आहे. म्हणजे भरती-ओहोटी आहे, ओहोटीला गाळ उघडा पडतो आणि काठाला कांदळवन आहे. मगरीही आहेत, त्यामुळे सहज कलंडेल असं काही चालणार नाही. लाटा मात्र नाहीत, समुद्रात न्यायचीच नाही. एका वेळी जास्तीत जास्त चार माणसं.

इंजिन दोन सिलिंडरचं, मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आसपास छान चालतं, ताकद दीड हॉर्सपॉवर धरा. मोटरसायकलची चेन आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) लावून चाकाच्या फेऱ्या ५० वर आणणार. चाक तीन फूट व्यासाचं, पाती १२ सेंटिमीटर रुंदीची, पक्की बसवलेली, म्हणजे फिरताना कोन न बदलणारी. या हिशेबाने चाकाच्या कडेचा वेग साडेचार नॉटच्या थोडा वर येतो. घसर, म्हणजे चाक पाण्यात निसटून वाया जाणारा वेग, पंचवीस ते तीस टक्के धरली तर बोट साधारण साडेतीन नॉटने, म्हणजे ताशी सहा-साडेसहा किलोमीटरने जाईल, एवढं मला पुरे आहे. बॉयलर कायद्याच्या व्याख्येतून २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी वगळलेली आहेत, म्हणून क्षमता मुद्दाम त्याखाली ठेवली आहे. पाण्याच्या दाबाची चाचणी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांत मात्र काडीचीही तडजोड नाही.

आता वजनं. बॉयलर ९० किलो, इंजिन ४०, चाकं-आस-चेन ६०, लाकूडफाटा ४०. खाडीचं पाणी खारं, ते बॉयलरला चालत नाही, म्हणून ६० लिटर गोडं पाणी बरोबर घ्यावं लागणार. तेवढ्यात जेमतेम दोन तास निघतील. माणसं आणि होडीचं स्वतःचं वजन धरून सगळं मिळून साडेसातशे किलोच्या घरात जातं.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत.

एक जुनी लाकडी मासेमारीची होडी मिळतेय, १८ फुटी, गोल पोटाची, उलांडीसकट (तोल सांभाळायला एका बाजूला बांधलेला लाकडी ओंडका). किंमत कमी, लाकूड अजून खणखणीत आहे आणि दिसायला फारच देखणी. नाळ, म्हणजे पुढचं टोक, अशी काही वर उचललेली आहे की बघत राहावं. पण उलांडी ज्या बाजूला आहे तिथे चाक बसवायचं कुठे? उलांडी काढली तर होडी डुलणार.

दुसरा पर्याय म्हणजे मरीन प्लायची सपाट तळाची होडी स्वतः बांधायची, १८ फूट लांब, ५ फूट रुंद. तिसरा, फायबरच्या दोन अरुंद जुन्या होड्या शेजारी शेजारी जोडून मधल्या फटीत एकच चाक. ही कल्पना जुनीच आहे. स्कॉटलंडमध्ये १७८८ साली पॅट्रिक मिलरने डॅल्सविंटनच्या तळ्यात विल्यम सिमिंग्टनचं वाफेचं इंजिन बसवून चालवलेली बोट अशीच जोडहोडी होती.

मला अडवतोय तो एकच मुद्दा. चाकाचं पातं खाली आल्यावर नेमकं बुडायला हवं, त्याची वरची कड पाण्याखाली जेमतेम दोन सेंटिमीटर. जास्त बुडालं तर इंजिनाची ताकद पाणी उचलण्यात जाते, कमी बुडालं तर नुसता शिंतोडा उडतो. हे दुखणं मोठ्या जहाजांनाही चुकलं नाही. मुंबईच्या गोदीत बांधलेली चाकांची आगबोट 'ह्यू लिंडसे' २० मार्च १८३० ला सुएझला निघाली तेव्हा तिच्यात कोळसा इतका ठासला होता की ती आखलेल्यापेक्षा सुमारे दोन फूट जास्त बुडाली होती, चाकं खोल पाण्यात. माझ्या बोटीत एक माणूस असेल तेव्हा आणि चार असतील तेव्हा पातं सारखंच बुडायला हवं, तर यातली कोणती होडी घेऊ?

*

प्रतिसाद :

दादा, प्रश्न अगदी बरोबर जागी आणून ठेवलात. आता फक्त आकडे मांडा. होडी पाण्याच्या रेषेवर जेवढी जागा व्यापते त्यावर ठरतं की किती किलोला ती एक सेंटिमीटर खाली जाईल. तुमची प्लायची होडी पाण्याशी साधारण ५.७ चौरस मीटर जागा घेईल, म्हणजे ५७ किलोला एक सेंटिमीटर. गोल पोटाची होडी पाण्याशी तीनच फूट रुंद असेल आणि दोन्ही टोकं निमुळती, त्यामुळे ३० किलोलाच एक सेंटिमीटर. तीन माणसं चढली, म्हणजे १९५ किलो आले, की प्लायची साडेतीन सेंटिमीटर खाली जाणार आणि गोल पोटाची साडेसहा. पातं बाराचं आहे, हे विसरू नका. साडेसहा म्हणजे अर्ध्याहून जास्त पातं.

शिवाय बाजूच्या चाकांची बोट कलली की एक चाक खोल जातं, दुसरं वर येतं आणि बोट तिरकी पळायला लागते. चार माणसांतलं एक जण फोटो काढायला कडेला सरकलं तरी हे होणार. त्यामुळे रुंद, सपाट तळ हवाच. जुन्या होडीचा मोह मला कळतो, आमच्याकडेही अशा होड्या आहेत, पण ती वल्ह्याला आणि शिडाला घडवलेली आहे. तिला तिचं काम करू द्या.

*

प्रतिसाद :

जोडहोडीबद्दल लिहितो, कारण फायबरचं काम करतो. कलण्याच्या बाबतीत ती सगळ्यांत पक्की. चाक मधे असल्याने धक्क्याला लागलात तरी घासत नाही. पण दोन्ही होड्या अरुंद, दोन्ही मिळून पाण्याशी ३.८ चौरस मीटरच्या आसपास भरतील, म्हणजे वजनाने खाली-वर होणं प्लायच्या होडीपेक्षा जास्त. दुसरं असं की दोन होड्यांच्या मधल्या फटीत पाणी चेपलं जाऊन उसळतं आणि चाकाला ते सरळ मिळत नाही. खाडीतल्या प्लास्टिकच्या पिशव्या अडकायला तर ती फट हक्काची जागा. मी असतो तर घेतली नसती.

चाक मागे एकच लावायचा विचार केलात का? मिसिसिपीच्या उथळ पाण्यावर तशा बोटी खूप चालल्या. रुंदी वाढत नाही, कांदळवनाच्या चिंचोळ्या वाटेतही जाता येतं.

*

धागाकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. मागच्या चाकाचा विचार केला होता. अडचण वजनाची आहे. चाक, आस आणि इंजिन मागे गेलं की मागची बाजू बसते. त्या मोठ्या नदीबोटींत म्हणूनच बॉयलर पुढे आणि इंजिन मागे असायचं, मधे वाफेचा लांब पाइप. १८ फुटांत पाइप चांगला गुंडाळला तरी वाफ वाटेत थंड होणार आणि माझ्याकडे वाफ मोजकीच आहे. आणि खरं सांगायचं तर मला बाजूची चाकंच हवी आहेत. बांगलादेशातल्या बाजूच्या चाकांच्या 'रॉकेट' स्टीमरचे फोटो लहानपणापासून जपून ठेवलेत, चाकांवरची ती गोल झाकणं माझ्या बोटीवर दिसायलाच हवीत.

तर प्लायची सपाट होडी नक्की करतो. बाजूंची उंची ५० सेंटिमीटर ठेवतोय. चालेल ना?

*

प्रतिसाद :

मी पहिलाच. चालेल, पण आधी आस कुठून जाते ते कागदावर काढा. साडेसातशे किलोला होडी १३ सेंटिमीटर बुडेल, म्हणजे पाण्यावर ३७ उरतात. तीन फुटी चाकाचं पातं नीट बुडवायचं तर आस पाण्यापासून ३२ सेंटिमीटरवर येते, म्हणजे काठाच्या खाली. मग भिंतीला भोक पाडावं लागेल, आणि चाकाचं पाणी त्यातून आत येणार. त्यापेक्षा चाक ११२ सेंटिमीटरचं करा. आस काठावरून जाईल आणि बेअरिंग वरच बसेल. फेऱ्या ५० ऐवजी ४१ झाल्या की कडेचा वेग तोच राहतो, मागचं स्प्रॉकेट तेवढं मोठं घ्या. मोठ्या चाकाचा आणखी एक फायदा, पातं पाण्यात जास्त उभं शिरतं. पक्क्या पात्यांना हे फार महत्त्वाचं. छोटं चाक पाण्याला थापड मारतं.

बेअरिंगचे ठोकळे वर-खाली पाच सेंटिमीटर सरकवता येतील असे खाचेत बसवा. वजनाचा हिशेब कितीही चोख केला तरी पाण्यात उतरल्यावर थोडा फरक पडतोच. पुढे-मागेही थोडी जागा ठेवा. तुमच्या वेगाला होडीच्या अंगाला उठणारी लाट सुमारे दोन मीटर लांबीची असेल. चाक लाटेच्या खळग्यात आलं तर पातं उघडं पडेल, थोडं सरकवलं की निभावेल.

गोड्या पाण्याची टाकी चाकांच्या रेषेतच, तळाशी ठेवा. दोन तासांत ६० लिटर संपणार, टाकी पुढे किंवा मागे ठेवली तर बोटीचं एक टोक वर यायला लागेल.

*

धागाकर्ता :

आस काठावरून न्यायची, हे एकदम पटलं. चाकाचं चित्र आज पुन्हा काढतो. शेवटचं एक विचारतो, प्लाय किती जाडीचा घेऊ?

*

प्रतिसाद :

तळाला ९ मिलिमीटर, बाजूंना ६. तळाला बाहेरून सागाच्या तीन उभ्या पट्ट्या मारा, ओहोटीला गाळावर बसली की त्या झिजतील, तळ वाचेल. बॉयलरखाली मात्र आडवे दांडे भक्कम हवेत. प्लायवर 'आयएस ७१०' चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या, आणि शिक्का असला तरी विकत घेण्याआधी वीतभर तुकडा मागून घरी दिवसभर उकळा. थर सुटले तर तो माल घेऊ नका.