मदत हवी आहे : पोरांच्या शेळीगटात मेलेल्या पाटीचा (तरुण शेळीचा) तोटा कुणी सोसायचा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात. दिवाळीनंतर आठवी-नववीच्या १२ मुलामुलींचा शेळीगट सुरू केला. प्रत्येकाकडे एक उस्मानाबादी पाट. चारा, जंतनाशक, लस, वजन सगळं ज्याचं त्याने वहीत लिहायचं. दर रविवारी देवळाच्या पारावर बैठक, अध्यक्ष दर महिन्याला बदलतो. शेळी गाभण राहिली की पाच महिने मोजायला पोरं आपोआप शिकतात, ते मला शिकवावं लागलं नाही!

अडचण वेगळीच आहे. आंत्रविषार म्हणजे कोवळं गवत जास्त खाल्लं की शेळी अचानक दगावते तो आतड्याचा रोग; त्याची लस पावसाळ्याआधी टोचायची असते. त्या दिवशी एक पोरगा मामाकडे गेला होता, लस राहून गेली. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर त्याची पाट सुटली आणि रात्रीत गेली. वहीत शेवटची नोंद : ‘वजन १४ किलो, शेवरी खाल्ली.’ तेव्हापासून तो बैठकीला येत नाही. बाकीची म्हणतात, चूक त्याची, आम्ही का भरायचं?

मी पैसे देऊन मोकळा होऊ शकतो, पण मग नियम कसला? पुढच्या वेतातलं एक करडू त्याला द्यावं, असं एका मुलीनं सुचवलंय. मला पटतं, पण ठराव पोरांनीच करायला हवा ना?

कुणी असे गट चालवलेत का? तोट्याचा नियम आधीच लिहून घेता का? आणि रुसलेल्या पोराला परत कसं आणलंत?