सासूबाई रोज विचारतात, "तो येणार ना गं?"

दांडियाबाजारची_सून (बडोदा):
सासूबाई ८७ वर्षांच्या, अल्झायमर आहे. माझं नाव कधीच गेलं, स्वतःच्या मुलाला त्या आपला भाऊ समजतात. पोळी लाटायची कशी हेही विसरल्या. पण तिन्हीसांज झाली की दाराकडे बघत हात जोडतात आणि विचारतात, "तो येणार ना गं?" कोण ते सांगता येत नाही. सासरे म्हणावेत, तर त्यांना त्या जन्मात 'तो' म्हणाल्या नसत्या.

रात्री सोबतीला येणाऱ्या बेन (गुजरातीत ताई) इथल्याच फतेहगंजच्या, ख्रिस्ती आहेत. त्या म्हणतात, बा (म्हणजे सासूबाई) तारणाऱ्याची वाट बघताहेत, देवाची ओळख माणूस जन्मतःच घेऊन येतो. बायबलमधल्या पौलाला, येशूच्या प्रेषिताला, अथेन्समध्ये 'अज्ञात देवा'ची वेदी दिसली होती, ती गोष्टही त्यांनी सांगितली. आम्ही देवउठी अगियारसला (कार्तिकी एकादशीला) विठ्ठलनाथजींच्या वरघोड्याला, म्हणजे मिरवणुकीला, जाणारी माणसं, बेन काही आम्हाला बाटवायला बसलेल्या नाहीत. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. शिकवलेलं सगळं पुसलं गेलं, मग हे कुठून उरलं?

रामबागवाला (इंदूर):
आधी कामाचं. संध्याकाळी गोंधळ वाढतो, त्याला डॉक्टर सनडाउनिंग म्हणतात. अंधारायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता किड्याचं. डेबोरा केलेमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दगड टोकदार का, तर प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून, अशी उत्तरं मुलांना पटतात. २००७ मध्ये त्यांना आणि सहकाऱ्यांना अल्झायमरच्या रुग्णांतही हाच कल दिसला: पाऊस का, तर झाडांना-जनावरांना पाणी मिळावं म्हणून. म्हणजे शिक्षणाचा थर निघाला की 'कशासाठी' पुन्हा वर येतं. पण 'कशासाठी'वरून 'कोणीतरी येणार'वर जायला फार मोठी उडी लागते. ती उडी या अभ्यासात नाही.

लष्करकर (ग्वाल्हेर):
बेनबाईंनी दोन गोष्टींची मोट बांधली आहे. देवाची जाणीव माणसात उपजत असते हे केल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाने ठासून मांडलं, त्याच्या ग्रंथाची शेवटची लॅटिन आवृत्ती १५५९ची. पण तोच पुढे म्हणतो की या जाणिवेने तारण होत नाही, 'मला माहीत नव्हतं' ही सबब तेवढी संपते. तारणारा कोण, हे बायबलमधूनच कळायचं.

आणि ते दिसतंच की. पारशी साओश्यंताची वाट बघतात, बौद्धांमध्ये मैत्रेय, शियांमध्ये बारावे इमाम, आपल्याकडे कल्की. दुसऱ्याच्या घरचा पाहुणा कोणी दारात उभं राहून बघत नाही. वारकऱ्यांचं तर उलटंच: पुंडलिकाने वीट फेकली आणि देवच ताटकळत उभा राहिला. सासूबाई विठ्ठलाच्या असतील तर त्यांना सांगा, तो आलेलाच आहे.

निळी_पाटी (बडोदा):
ही 'जन्मजात' भाषा मला खटकते. १९१७ साली बाबासाहेब आपल्याच बडोद्यात नोकरीला आले, राहायला कोणी जागा देईना. कमाटीबागेत बसून त्यांनी संकल्प केला, कोणाची वाट बघत बसले नाहीत. बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नव्हे, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. आमच्या घरात कोणी तारणाऱ्याची वाट बघत नाही, मग आमच्यात काय माणूसपण कमी पडलं? ताई, आजींचा राग मानू नका, त्या आजारी आहेत. माझं भांडण बेनच्या सिद्धांताशी आहे.

दांडियाबाजारची_सून:
राग कसला, हे कोणीतरी म्हणायलाच हवं होतं. 'तो आलाय' हे सांगून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "मग चहा टाक." (टाकला!) दिवे आता लवकर लावते, थोडा फरक वाटतोय.

बेनना केल्विनचं सांगितलं. मला वाटलं, गप्प बसतील. तर म्हणाल्या, "मग बरोबरच आहे ना. नुसतं आतून कळत नाही, म्हणूनच मला सांगावं लागतं!" लष्करकर, याच्यावर काय उत्तर आहे तुमच्याकडे?