वाकडला गॅस जोडणीसाठी नोंदणीकृत भाडेकरार पुरत नाही का?

नमस्कार. गेल्या आठवड्यात नागपूरहून पुण्यात वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय. इथे ओळखीचं कुणी नाही. तिकडे सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घेतलंय, आधारही जोडलेलं आहे.

इथली एजन्सी म्हणते, घरमालकाचं वीजबिल आणि त्यांच्या सहीचं संमतीपत्र आणा. मालक करार नोंदवून लगेच दुबईला परत गेले, आता दिवाळीशिवाय येत नाहीत. वीजबिल त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, पण सही मूळ कागदावरच हवी म्हणे. ११ महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवलेला आहे. त्याची इंडेक्स २ (करार नोंदवल्याचा सरकारी उतारा) दाखवली, तर काउंटरवरच्या बाईंनी उलटूनही पाहिली नाही.

सोसायटीत पाइप गॅस आलाय, पण आमच्या फ्लॅटला मालकांनी जोडणी घेतलेली नाही आणि भाडेकरूसाठी घेणारही नाहीत. सध्या ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि इंडक्शनवर भागवतोय. (आईला इंडक्शनवरच्या पोळ्या पटत नाहीत, खरी घाई ती आहे!) एजंटला पैसे देऊन काम करून घ्यायचं नाही.

वाकड-हिंजवडी भागात कुणाला फक्त नोंदणीकृत करारावर जोडणी मिळाली आहे का? आणि एजन्सी अडूनच बसली, तर तक्रार नेमकी कुठे करायची?