वॉल्टर व्हाइट तुमच्या मनातून नक्की कधी उतरला?

रातकिडा:
ब्रेकिंग बॅड दुसऱ्यांदा बघून संपवली. तीच ती अमेरिकन मालिका, कॅन्सर झालेला केमिस्ट्रीचा मास्तर वॉल्टर व्हाइट घरच्यांसाठी म्हणून ड्रग्ज बनवायला लागतो ती. पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत, बघायची राहिली असेल तर इथूनच मागे फिरा. पहिल्या वेळी मी शेवटपर्यंत वॉल्टच्याच बाजूनं होतो, पोलीस जवळ आले की धडधड व्हायची ती पण त्याच्यासाठी, त्याचा पोलीसवाला साडू हँकसाठी नाही. यावेळी मात्र पाचव्या सीझनला गडी साफ उतरला मनातून. ट्रेन लुटल्यावर वॉल्टच्या टोळीतला टॉड त्या मोटरसायकलवाल्या पोराला गोळी घालतो ना, त्याच्या पुढचा एपिसोड. वॉल्टचा धंद्यातला जोडीदार जेसी सुन्न होऊन टीव्हीवर त्या हरवलेल्या पोराची बातमी बघतोय, वॉल्ट त्याला म्हणतो मलापण झोप लागत नाहीये रे, तू जा घरी, राहिलेलं मी उरकतो. जेसी निघतो, आणि मागनं शिट्टी ऐकू येते. मजेत गाणं वाजवत काम चाललंय साहेबांचं! जेसीचा चेहरा बघा तिथे. तुमचं कधी झालं असं?

झणझणीत_रस्सा:
शिट्टीपर्यंत दम धरलास म्हणजे कमाल आहे राव. माझं पहिल्या सीझनलाच झालं. त्याचे जुने मित्र एलियट आणि ग्रेचन उपचाराचा सगळा खर्च करायला तयार होते की! पण नाही. त्यांच्यासोबतच्या कंपनीतला हिस्सा 5 हजार डॉलरला विकून हा बाहेर पडला आणि ती कंपनी पुढे अब्जावधीची झाली, ते सलत होतं मास्तरांना. "घरच्यांसाठी केलं" ही थाप तिथेच उघडी पडते, पाचव्याच एपिसोडला. नंतर जेवढे मेले ते सगळे ह्या एका "नको"च्या खात्यावर मांडा.

तिसरी_घंटा:
@रस्सा, नाही पटलं. ज्यांच्याबद्दल मनात अढी आहे त्यांच्यापुढे हात पसरायचा नाही म्हणणारी माणसं आपल्या भावकीत पण असतात, म्हणून काय ती खुनी असतात का. मानी असणं वेगळं, गुन्हा वेगळा. माझ्यासाठी जेसीची मैत्रीण जेन मेली तेव्हाच. लोक म्हणतात त्यानं कुठे मारलं, तो तर नुसता उभा होता. नीट बघा परत. नशेत पडलेल्या जेसीला गदागदा हलवताना कुशीवर झोपलेली जेन उताणी होते ती ह्याच्याचमुळे. तिला उलटी होते, हा धावतो, हात पुढे करतो, आणि थांबतो. तेवढ्यात हिशोब झालेला असतो, कारण ती पैशासाठी धमकावत होती. आणि तिचा बाप विमानांना रस्ता दाखवणारा, पोरीच्या दुःखात कामावर गेला आणि दोन विमानं आदळली, 167 माणसं गेली. ती पण धर ना मग खात्यावर.

कट्टेकरी:
सगळे वॉल्टच्या मागे लागलेत, जेसी काय धुतल्या तांदळासारखा आहे का? व्यसन सोडायला धडपडणाऱ्या लोकांच्या ग्रुपमध्ये बसून माल खपवायला निघाला होता, विसरलात? वॉल्टचा लॅबमधला सहकारी गेल, त्यानं दार उघडलं तर सरळ गोळी.

ओवी_आणि_शिवी:
@कट्टेकरी विसरलो कोणीच नाही, पण गेलला मारल्यावर तो कसा झाला ते पण बघ ना, घरात रात्रंदिवस दणदणाट, गर्दी, कारण एकटं बसवत नव्हतं. वॉल्ट तुरुंगातली 10 माणसं दोन मिनिटांत मारून घेतो आणि हातातलं घड्याळ बघत उभा असतो.

बाकी ह्या धाग्यावर अजून वॉल्टच्या बायकोला, स्कायलरला, कोणी शिव्या घातल्या नाहीत हे नवल. नवरा ड्रग्ज बनवतो, आणि बाई विचारते कुठे होतास तर कटकटी ती! लोकांनी एवढा राग धरला की तिचं काम करणाऱ्या ॲना गननं 2013 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहिला. बॉस टेडचे खोटे हिशोब तिनं केले, पुढे काळा पैसा पांढरा पण केला, तिला कोणी देवी म्हणत नाहीये. पण तिला लावायची फूटपट्टी नवऱ्याला पण लावा की.

रातकिडा:
@घंटा, जेनचं सगळं मान्य, तरी माझ्या मनातून तो तिथे नाही उतरला. ते त्याला खात होतं ना आतून. माशीवाल्या एपिसोडला झोपेच्या गोळीच्या गुंगीत जेसीपुढे जवळजवळ बोलूनच जातो. शिट्टीच्या वेळी आत काही उरलंच नव्हतं. रस्सा म्हणतो तो इगो, ठीक आहे, पण नुसत्या इगोवर मी माणूस सोडत नाही, नाहीतर ऑफिसात बोलायला कोणी उरणार नाही.

तिसरी_घंटा:
काही उरलं नव्हतं? मग तो फोन? पोलीस ऐकतायत हे माहीत असून स्कायलरला वाट्टेल ते बोलतो, तिच्यावर काही येऊ नये म्हणून, आणि इकडे डोळ्यांतनं धारा.

रातकिडा:
फोन खरा आहे, मी पण रडलो. पण त्याच एपिसोडमध्ये गाडीखाली लपलेला जेसी गुंडांच्या म्होरक्याला, जॅकला, ह्यानंच दाखवून दिला ना. वर त्याला घेऊन जात असताना थांबवून जेनचं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं, फायदा काही नव्हता. नुसतं त्याला लागावं म्हणून.